मालिकांचा शाखाविस्तार

बँकेच्या नोकरीत तीन तपे काढलेल्या माणसाला 'शाखा' या शब्दाचे जेवढे अर्थ ठाऊक होतात, तेवढे वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकालाही ठाऊक नसतील. शाखा उघडण्याची कारणे माझ्या पाहण्यात दोनच आली. एक तर त्या गावाला खरोखरच बँक हवी असते. धानाचे पैसे घरात डब्यात पडून असतात, बी-बियाण्यासाठी सावकाराचे उंबरे झिजवावे लागतात. अशा गावातली शाखा पहिल्या वर्षापासून गजबजते आणि काही वर्षांत मुख्य कार्यालयालाच तिचा हेवा वाटू लागतो. दुसरे कारण म्हणजे वर कुणाला तरी आकडा हवा असतो. मग पाटी झकास लागते, उद्‌घाटनाचा नारळ फुटतो आणि चार महिन्यांनी आत फक्त पंखा फिरत असतो. शाखाधिकारी बिचारा बदलीच्या अर्जाचा मसुदा करीत बसलेला असतो.

हे आठवण्याचे कारण दूरदर्शन मालिका. एखादी मालिका खूप चालली की तिच्यातले एखादे पात्र, एखादी जागा किंवा एखादा धागा उचलून नवी मालिका काढतात. इंग्रजीत तिला 'स्पिन-ऑफ' म्हणतात. मी तिला शाखा-मालिका म्हणतो, कारण सवय. विज्ञानकथांच्या मालिकांत हा शाखाविस्तार जेवढा झाला तेवढा दुसरीकडे क्वचितच झाला असेल. आमच्या घरी गोंदियात सुट्टीत आलेली नात अशी एकेक शाखा-मालिका बघत असते, आणि मीही तिच्याबरोबर बसतो. एकदा तिने विचारले, ''आबा, मराठीत अशी कुठली आहे?'' या प्रश्नाला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते. ते का नव्हते, याचा विचार करता करता हा लेख झाला.

आपल्याकडे पुष्कळांना आठवत असलेली मालिका म्हणजे 'स्टार ट्रेक'. ऐंशीच्या दशकात ती दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची. टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक तेव्हा आमच्या पिढीतल्या पोरांना पाठ झाला होता. गंमत म्हणजे आपण पाहिली तेव्हा ती मालिका तिच्या मायदेशात केव्हाच बंद पडलेली होती. ८ सप्टेंबर १९६६ ला ती अमेरिकेत सुरू झाली आणि ७९ भाग होऊन १९६९ मध्ये गुंडाळली गेली. म्हणजे मुख्य कार्यालयच बुडाले! पण पुनःप्रक्षेपणात तिचे चाहते वाढत गेले. १९७६ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला मालिकेतल्या यानाचे 'एंटरप्राइज' हे नाव मिळाले, ते प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडल्यामुळे. मग १९८७ मध्ये 'द नेक्स्ट जनरेशन' ही पहिली मोठी शाखा उघडली आणि ती सात वर्षे चालली. तिच्यामागून 'डीप स्पेस नाइन', 'व्हॉयेजर', 'एंटरप्राइज' अशी रांग लागली.

या पसाऱ्यात एक मुंबईकर बाई आहेत, हे आज कितीजणांना माहीत असेल कोण जाणे. १९६५ च्या मिस इंडिया पर्सिस खंबाटा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस 'स्टार ट्रेक'ची एक नवी मालिका काढायचे घाटत होते, तिच्यासाठी त्यांची निवड झाली होती. ती शाखा उघडलीच नाही. १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स'ने पैशांचा ढीग उभा केल्यावर चालकांनी मालिकेचा बेत सोडून मोठा चित्रपट काढला. १९७९ च्या त्या चित्रपटात खंबाटा आयलिया या परग्रहवासी अधिकाऱ्याच्या भूमिकेत होत्या आणि त्यासाठी त्यांनी डोक्यावरचा सगळा केशसंभार उतरवला होता. १९९८ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले. हॉलिवूडपर्यंत जाऊन आलेल्या या अभिनेत्रीवर मराठीत धड एक पुस्तक असायला हवे होते, पण तो वेगळा विषय.

मला स्वतःला या साऱ्या शाखांत 'डीप स्पेस नाइन' अधिक जवळची वाटते, आणि त्याला कारण गोंदिया आहे. बाकीच्या मालिकांत यान पुढे पुढे जाते, दर आठवड्याला नवा ग्रह. ही मालिका मात्र एका अंतराळस्थानकातच राहते. माणसे येतात, जातात, भांडतात, माल उतरवतात. स्थानकातल्या लोकांना आपल्या केलेल्या-न केलेल्याचे परिणाम निस्तरीत तिथेच राहावे लागते. गोंदिया जंक्शनवर ज्याने आयुष्य काढले त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या येतात, एक फाटा बालाघाटवरून जबलपूरकडे जातो, दुसरा नागभीडकडे. रात्री दोनला फलाटावर उभे राहिले तर हिंदी, मराठी, छत्तीसगढी, पोवारी, बंगाली एकाच बाकावर बसलेल्या दिसतात. त्या अंतराळस्थानकात क्वार्क नावाचा एक लोभी पण मजेदार गुत्तेवाला आहे. असा इसम प्रत्येक जंक्शनबाहेर असतोच.

या मालिकेत माइल्स ओब्रायन नावाचा एक तंत्रज्ञ आहे. 'नेक्स्ट जनरेशन'च्या पहिल्या भागात तो यानाच्या एका खुर्चीत नुसता बसलेला दिसतो, त्याला नावसुद्धा नव्हते. पुढे नाव मिळाले, मग बायको मिळाली, मुलगी झाली, आणि १९९३ मध्ये नवी शाखा उघडली तेव्हा तो बढतीवर बदली होऊन तिकडे प्रमुख पात्र म्हणून रुजू झाला. यंत्रे जुनी, सुटे भाग मिळत नाहीत, वरून घाई. त्याची बायको केइको वनस्पतिशास्त्रज्ञ. नवऱ्याच्या बदलीच्या ठिकाणी तिच्या विद्येला काम नाही. शेवटी ती मुलांसाठी शाळा काढते. बँकेतल्या बदल्यांवर ज्यांनी संसार केले, त्या बायकांना हे पाहून काय वाटेल? माझ्या घरी हा भाग लागला तेव्हा स्वयंपाकघरातून शेरा आला, ''हे तर आपलंच की!'' कप्तानांची शौर्ये मी पुष्कळ पाहिली, पण ज्याला मूळ मालिकेत नावही नव्हते त्या माणसाचे घर दाखवायला शाखाच उघडावी लागली.

ब्रिटनची 'डॉक्टर हू' ही मालिका याहून जुनी. २३ नोव्हेंबर १९६३ ला ती सुरू झाली आणि तिच्या पहिल्या कथेचे दिग्दर्शक होते लखनौत जन्मलेले वारिस हुसेन. डॉक्टर नावाचा एक कालप्रवासी निळ्या पेटीतून फिरतो आणि बरोबर कुणाला तरी घेतो. या मालिकेची पहिली शाखा म्हणजे निव्वळ पाटीचा नमुना. के-नाइन नावाचा एक यांत्रिक कुत्रा लोकप्रिय झाला होता, म्हणून १९८१ च्या नाताळात त्याच्या नावाने नवी मालिका जाहीर झाली. एक भाग दाखवला गेला, त्यापुढचा निघालाच नाही. अशी एका दिवसाची शाखा आमच्या खात्यात असती तर चौकशी लागली असती.

त्या एकुलत्या भागात कुत्र्याबरोबर एक बाई होत्या. सेरा जेन स्मिथ, व्यवसायाने पत्रकार, भूमिका एलिझाबेथ स्लेडन यांची. सेरा जेन १९७३ ते १९७६ या काळात डॉक्टरबरोबर फिरली आणि एक दिवस त्याने तिला तिच्या गावी सोडतो म्हणून उतरवून दिले. तेही भलत्याच गावात, हे पुढे कळते. आता एवढे ग्रहतारे पाहून आलेल्या बाईने उरलेले आयुष्य काय करायचे? मूळ मालिकेला याच्याशी कर्तव्य नव्हते. ती डॉक्टरची मालिका, त्याला नवी सोबत मिळाली. तीस वर्षांनी, २००६ मध्ये, मालिकेच्या एका भागात सेरा जेन परत आली आणि डॉक्टरला तोंडावर विचारते झाली, की मी वाट पाहत होते, तू आला का नाहीस? प्रेक्षकांना तो भाग इतका भावला, की २००७ मध्ये तिच्या नावाची स्वतंत्र मालिका मुलांसाठी सुरू झाली.

मुलांची मालिका, आणि तिची नायिका साठीची! लंडनच्या एका साध्या रस्त्यावरच्या घरात एकटी राहणारी बाई, दत्तक मुलगा, शेजारची पोरे, आणि माळ्यावर एक संगणक. दुसऱ्या वर्षापासून शेजारी चंद्रा नावाचे भारतीय वंशाचे कुटुंब राहायला येते. वडील शाळेचे मुख्याध्यापक, आई फुलांचे दुकान चालवणारी, मुलगी रानी पत्रकार व्हायचे म्हणते. आपल्याकडच्या मालिकांत साठीच्या बाईला काय काम असते ते रोज संध्याकाळी दिसतेच: कट करणे, किंवा कट उघडकीला आल्यावर दाराआड उभे राहून ऐकणे. असो. २०११ मध्ये स्लेडन गेल्या आणि मालिका तिथेच थांबवण्यात आली. दुसरी नटी घेऊन पाटी चालू ठेवायचा मोह चालकांनी टाळला, याला मी शहाणपण म्हणतो.

हे शहाणपण सर्वत्र नसते. 'स्टार ट्रेक'च्या मालकांनी एकामागून एक शाखा काढत २००५ मध्ये अशी वेळ आणली, की प्रेक्षक कंटाळले आणि पुढची बारा वर्षे दूरदर्शनवर नवी मालिका नव्हती. २०१७ नंतर पुन्हा तोच झपाटा सुरू झाला. २०२५ मध्ये एका गाजलेल्या पात्राच्या नावावर चित्रपट काढला, तो टीकाकारांनी झोडपला. नाव ओळखीचे, नटी नामवंत, पण सांगायला नवे काही नव्हते. आमच्या भाषेत सांगायचे तर ठेवी मुख्य कार्यालयाच्या नावावर गोळा केल्या, कर्जाचा प्रस्ताव मात्र एकही आला नाही.

आता नातीच्या प्रश्नाकडे येतो. मराठीत अशी कुठली आहे?

'हे सगळे तिकडचे, आपल्या मातीत रुजणारे नव्हे' असे उत्तर देऊन मोकळे होता येत नाही. शाखा काढण्यात आपला हात कोण धरणार? महाभारताच्या उपाख्यानांवर आपली निम्मी रंगभूमी उभी राहिली. ययातीची गोष्ट मूळ ग्रंथात आदिपर्वाच्या एका कोपऱ्यात आहे. वि. स. खांडेकरांनी १९५९ मध्ये तिला स्वतंत्र घर दिले. कर्णाला शिवाजी सावंतांनी १९६७ मध्ये 'मृत्युंजय'मध्ये बोलते केले आणि तेव्हापासून मराठी घरांत कर्ण अर्जुनापेक्षा जवळचा झाला. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नला मराठी पोरांच्या हाती दिले. त्या व्हर्ननेही हेच केले होते. आधीच्या कादंबरीत गूढ ठेवलेला पाणबुडीचा कप्तान नेमो पुढच्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये बुंदेलखंडचा राजपुत्र निघतो, १८५७ च्या युद्धात लढलेला!

गोष्ट कशी फुटवे धरते याचे एक उदाहरण तर आमच्या जिल्ह्याच्या उंबऱ्यावरचे आहे. 'तुंबाड' या २०१८ च्या चित्रपटाचे दिग्दर्शक राही बर्वे यांनी सांगितले आहे, की १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना नारायण धारपांची एक भयकथा सांगितली आणि ती डोक्यातून गेली नाही. धारपांची ती कथा स्टीफन किंगच्या कथेवर बेतलेली मानली जाते. म्हणजे गोष्ट अमेरिकेतून पुण्याला आली, पुण्याहून नागझिऱ्याला आणि तिथून कोकणातल्या तुंबाडच्या वाड्यात शिरली. नागझिऱ्यात रात्री बसून गोष्टी सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मग विज्ञानकथेतच आपले का अडले? मला एक कारण असे दिसते, की मराठी विज्ञानकथा दिवाळी अंकात वाढली. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले, तेव्हापासून बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे अशी दमदार मंडळी लिहीत आली. कल्पना एकाहून एक सरस. पण कथा संपली की तिच्यातले जग संपले. पुढच्या दिवाळीला नवा शास्त्रज्ञ, नवी प्रयोगशाळा, नवे संकट. वाचकाने ज्या जगात पुन्हा पुन्हा जावे, जिथल्या रस्त्यांची आणि माणसांची त्याला सवय व्हावी, असे जग उभे राहिलेच नाही. आणि मुख्य कार्यालयच नसेल तर शाखा कसली? हिंदीत १९९८ मध्ये मिलिंद सोमणचा 'कॅप्टन व्योम' आला आणि गेला. 'शक्तिमान' १९९७ ते २००५ चालला. त्यातली धडपडी वार्ताहर गीता विश्वास स्वतंत्र मालिकेच्या लायकीची होती, पण पुढे निघाले ते शक्तिमानचेच कार्टून. मराठीत मुलांच्या ओळखीचे जग उभे केले ते भागवतांनी, फुरसुंगीच्या बनेश फेणेचे. ते साहसाचे जग, विज्ञानकथेचे नव्हे. १९८७ मध्ये त्याची दूरदर्शन मालिका झाली, नंतर थेट २०१७ मध्ये चित्रपट. मधली तीस वर्षे फाफे गप्प.

दुसरे कारण हक्कांचे आहे, आणि इथे माझ्यातला बँकवाला जागा होतो. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क वारसांकडे राहतात. भागवत २००१ मध्ये गेले, म्हणजे २०६१ अखेरपर्यंत. धारप २००८ मध्ये, म्हणजे २०६८. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले, त्यांच्या कथांवर २०८५ संपेपर्यंत हक्क. माझी नात तेव्हा सत्तरीची असेल. वारसांचा हक्क मला मान्य आहे. लेखकाच्या घरात त्याच्या लेखणीचे दोन पैसे गेलेच पाहिजेत. पण ठेव आणि पडून राहिलेली ठेव यांत फरक आहे. खात्यावर दोन वर्षे खातेदाराचा व्यवहार झाला नाही तर बँक ते निष्क्रिय धरते. दहा वर्षे कुणी फिरकले नाही तर पैसा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये उभारलेल्या निधीत जमा होतो, आणि तरीही खरा मालक आला तर त्याला तो परत मिळतो. पैशाची एवढी काळजी आपण घेतो. पात्रांच्या खात्याची कोण घेतो? एखाद्या होतकरू लेखकाला धारपांच्या किंवा भागवतांच्या जगात एक नवे दार उघडायचे असेल तर अर्ज कुणाकडे करायचा, शुल्क किती, अटी कोणत्या, हे ठरलेल्या छापील कागदावर मिळायला हवे. प्रकाशकांनी वारसांना बसवून हे काम केले तर वारसांचेही भले होईल. परवानगी मागायला कुणी येत नाही ही तक्रार आणि परवानगी कुठे मागावी कळत नाही ही तक्रार मी लेखकांच्या एकाच बैठकीत, एकाच टेबलाच्या दोन टोकांना ऐकली आहे.

तिसरी गोष्ट मला बोचते, म्हणून सांगतो. मराठी विज्ञानकथेतला परग्रहवासी उतरतो कुठे? पुण्याला, नाहीतर मुंबईला. शास्त्रज्ञ राहतो तिथेच, पत्रकारही तिथलाच. हजार वर्षे जुन्या वाटणाऱ्या मामा तलावांच्या काठी, जिथे महाराष्ट्रातले बहुतेक सारे सारस पक्षी उरले आहेत, तिथे कधी काही घडतच नाही. झाडीबोली बोलणारा एकही अंतराळवीर माझ्या वाचनात आलेला नाही. मूळ मालिका भले राजधानीत घडो. शाखा तालुक्याला उघडते, हाच तिचा उपयोग आहे.

आणि इथे घडण्यासारखे काही नाही, असेही कुणी म्हणू नये. १९७५ चे उदाहरण घ्या. नागपूरला तेव्हा दूरदर्शन केंद्र नव्हते. पण आमच्यापासून रेल्वेने पावणेदोनशे किलोमीटरवर, रायपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत, थेट उपग्रहावरून दूरदर्शनचे कार्यक्रम दिसत होते. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह भारताने वर्षभरासाठी वापरायला घेतला होता. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत एकेक सार्वजनिक संच आणि जाळीची मोठी छत्री बसवली होती. वीज आत्ताआत्ता आलेल्या गावात अवकाशातून चित्र उतरत होते आणि शेतीची, आरोग्याची, शाळेची माहिती देत होते. भूस्थिर उपग्रहांवरून असे संदेश पाठवता येतील ही कल्पना १९४५ मध्ये मांडणारे विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्क तेव्हा श्रीलंकेत राहत होते. आपल्या अवकाश संघटनेने त्यांच्या घरीही एक छत्री नेऊन बसवली. कल्पना करणाऱ्याच्या अंगणात ती कल्पना उतरली, आणि त्याच आठवड्यांत ती छत्तीसगडच्या भातशेतीतही उतरलेली होती.

प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ला सुरू झाला, ३१ जुलै १९७६ ला संपला आणि उपग्रह अमेरिकेकडे सरकवण्यात आला. या कथेचे मुख्य कार्यालय अहमदाबादला आहे, तिथल्या शास्त्रज्ञांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते रास्तच आहे. पण प्रत्येक गावात त्या संचाची जबाबदारी एका माणसाकडे असे, बहुतेक वेळा शाळामास्तरकडे. संध्याकाळी कुलूप काढायचे, संच लावायचा, गर्दी आवरायची, बंद पडला तर कळवायचे. सेरा जेन स्मिथला जसे गावाच्या कडेला सोडून निळी पेटी निघून गेली, तसा एक दिवस याचाही उपग्रह निघून गेला. १ ऑगस्ट १९७६ च्या संध्याकाळी पोरे नेहमीप्रमाणे जमली असतील आणि मास्तरांच्या हातात किल्ली असेल. मराठीतली पहिली शाखा-मालिका मला लिहायला मिळाली तर मी ती या संध्याकाळी, झाडीबोलीत, सीमेच्या अलीकडून पाहायला गेलेल्या एका मुलीच्या तोंडून सुरू करीन. पहिला प्रश्न तीच विचारील: ''गुरुजी, तो वरचा गेला कोठे?''